घर पाहावं बांधून : न्हाणीघराचं माप

गेल्या दिवाळीत या सदरात स्वयंपाकघराच्या ओट्याच्या उंचीबद्दल लिहिलं होतं. त्यानंतर वर्षभर जे फोन आले त्यांतले निम्मे ओट्याचे नव्हतेच, बाथरूमचे होते. कुणाची आई कायमची राहायला येणार, कुणाच्या वडिलांचा गुडघा बदललेला, आणि बरेच जण तर स्वतःसाठीच विचारत होते. सत्तर-ऐंशीच्या दशकात दोन सुटकेस घेऊन अमेरिकेत उतरलेली आपली पिढी आता स्वतःच आजी-आजोबा झाली आहे. म्हणून यंदा न्हाणीघर.

फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "बाथरूम केवढी हवी?" माझं उत्तरही ठरलेलं : खोली केवढी आहे ते राहू दे, कमोडच्या पुढे, दारात आणि शॉवरच्या तोंडाशी मोकळी जागा किती आहे ते टेप लावून सांगा. संगमरवराच्या प्रशस्त मास्टर बाथमध्ये वॉकर अडकलेला मी पाहिला आहे, आणि पाच बाय आठ फुटांच्या खोलीत अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाई बिनघोर आंघोळ करतात तेही पाहतो आहे.

विषय किती गंभीर आहे ते एका आकड्यावरून कळेल. इथल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २००८ सालचा हिशेब मांडला होता. त्या एका वर्षात पंधरा वर्षांवरच्या सुमारे २ लाख ३४ हजार लोकांना बाथरूममधल्या दुखापतींमुळे इमर्जन्सीत जावं लागलं, आणि त्यांतल्या ८१ टक्के दुखापती पडल्यामुळे झाल्या होत्या. एक-तृतीयांशाहून जास्त दुखापती आंघोळ करताना, शॉवर घेताना किंवा टब-शॉवरमधून बाहेर पडताना झालेल्या.

नियम तीन प्रकारचे

"सगळं कोडप्रमाणे आहे" हे वाक्य प्रत्येक कंत्राटदार म्हणतो, आणि ते खरंही असतं. पण कोड म्हणजे किमान. बहुतेक राज्यांत थोड्याफार फरकाने जो इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड चालतो त्यात कमोडच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत किंवा टबापर्यंत १५ इंच, कमोडच्या आणि बेसिनच्या पुढे २१ इंच, शॉवर आतून ३० बाय ३० इंच आणि शॉवरच्या तोंडासमोर २४ इंच एवढं मागितलं आहे. याहून कमी असेल तर इन्स्पेक्टर सही करणार नाही. यापलीकडे कोड काही म्हणत नाही. २१ इंचांत धडधाकट माणूस उठतो-बसतो, पण वॉकर घेऊन उभं राहणारं माणूस मावत नाही.

दुसरी नियमावली नॅशनल किचन अँड बाथ असोसिएशनची. या शिफारशी आहेत, कायदा नव्हे. त्या म्हणतात : कमोडच्या मध्यापासून बाजूला १८ इंच, पुढे ३० इंच, शॉवर ३६ बाय ३६, आणि दार उघडल्यावर मोकळी वाट ३२ इंच. घर नव्याने करणार असाल तर कंत्राटदाराच्या हाती हे आकडे द्या.

तिसरा एडीए, म्हणजे १९९० चा अपंगांच्या हक्कांचा कायदा, आणि त्याची २०१० ची मानकं. हा कायदा हॉटेल, दवाखाना, शाळा, दुकान यांच्यासाठी आहे, तुमच्या खासगी घराला तो बंधनकारक नाही. तरी त्यातले आकडे माहीत असावेत, कारण व्हीलचेअरचा विचार तिथे नीट झालेला आहे. खुर्ची वळवायला ६० इंच व्यासाचं वर्तुळ, नुसती उभी करायला ३० बाय ४८ इंचांची जागा, कमोडची बैठक १७ ते १९ इंच, आधाराचे दांडे जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर, आणि प्रत्येक दांडा २५० पौंडांचा, म्हणजे साधारण ११३ किलोंचा भार पेलणारा.

या तीन नियमावल्यांनंतर चौथं माप येतं ते तुमच्या घरातल्या माणसाचं, आणि ते कुठल्याच पुस्तकात सापडत नाही.

पाच बाय आठची खोली

मागच्या हिवाळ्यात मंडळातल्या एका सुनेचा फोन आला. "काका, आई आंघोळीचं टाळतात हो. दार लावून अर्धा तास आत असतात, पण टॉवेल कोरडाच असतो. विचारलं तर म्हणतात, झाली माझी."

मी गेलो. जुनं घर. हॉलमधल्या बाथरूमचं दार २४ इंची, म्हणजे प्रत्यक्ष वाट जेमतेम २२ इंच. वॉकर बाहेरच ठेवून, चौकट धरून आत जायचं. आत टब, त्याची कड १५ इंच उंच. धरायला काय, तर साबणाचं खोबणं आणि टॉवेलचा दांडा. तो दांडा हलत होता, यावरून मावशी रोज काय धरतात ते कळलंच.

मुलगा आणि सून खाली गेल्यावर मावशी म्हणाल्या, "पाय उचलतो हो माझा अजून. पण एक पाय टबात आणि एक बाहेर असताना धरायचं काय? पोरांना कशाला सांगायचं, दोघं नोकरीला पळतात. सून म्हणेल, मी घालते आंघोळ. ते नको मला. दोन दांडे लावून द्या, बाकी माझं मी करीन."

मंडळी, या सगळ्या इंचांचा हिशेब शेवटी यासाठी आहे. पायावर पाणी घालायला दुसरं माणूस लागू नये, एवढंच त्यांचं मागणं होतं.

ती खोली अमेरिकेत घरोघरी असते तीच : ६० इंच रुंद, ९६ इंच लांब. टोकाला टब, मग कमोड, मग बेसिन, सगळं एका ओळीत. आम्ही टब काढला. टबाची जागा ६० बाय ३० इंचांची असते, आणि एडीएत खुर्चीसकट आत जाण्याच्या शॉवरचं किमान मापही तेवढंच आहे, ३० बाय ६०. म्हणजे टब गेला की भिंत न हलवता बिनउंबऱ्याचा शॉवर बसतो. उरले ६६ इंच. त्यांत कमोडला ३६, म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे अठरा-अठरा. बेसिनला ३०. बेरीज बरोबर ९६.

आता पुढची बाजू. कमोड भिंतीपासून साधारण २९ इंच पुढे येतो. ६० मधून २९ गेले, ३१ राहिले. म्हणजे खोलीच्या एका अंगाने दारापासून शॉवरपर्यंत ३१ इंचांची सरळ वाट मिळाली. ३० बाय ४८ ची खुर्ची तिथे उभी राहते. वळत मात्र नाही. हे मी मुलाला आधीच सांगितलं : पुढे खुर्ची लागली तर सरळ आत आणि उलटं बाहेर. ६० इंचांचं वर्तुळ हवं असेल तर शेजारच्या कपाटाची भिंत पाडावी लागेल. त्यांनी भिंत ठेवली. विचार करून ठेवली, हे महत्त्वाचं.

दार

दाराच्या आकड्यात फसगत होते. दुकानात ३२ इंची दार म्हणजे फळी ३२ इंच. दार काटकोनात उघडल्यावर फळीची जाडी आणि चौकटीची पट्टी वजा होऊन वाट ३० च्या आसपास राहते. मोकळे ३२ इंच हवेत तर दार ३४ इंची लागतं, ३६ असेल तर उत्तम. चौकट बदलणं शक्यच नसेल तर ऑफसेट बिजागऱ्या मिळतात. त्या फळीला वाटेतून बाजूला नेतात आणि सुमारे दीड इंच पदरात पडतो.

दुसरं, दार बाहेर उघडावं किंवा सरकतं असावं. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडलं तर त्याच्याच अंगाने दार अडतं आणि मदतीला गेलेला बाहेर उभा राहतो. कडी अशी घ्या की बाहेरून नाण्याने फिरवता येईल. म्हाताऱ्या माणसालाही दार लावून घ्यायचं असतं, आणि आपल्याला वेळेला ते उघडता आलं पाहिजे. दोन्ही एका साध्या कडीने साधतं.

कमोडची उंची

मुलाने आईसाठी हौसेने नवा उंच कमोड बसवला होता. दुकानात त्याला कम्फर्ट हाइट म्हणतात, बैठक १७ ते १९ इंच. गुडघे दुखणाऱ्या उंच माणसाला तो वरदान आहे. मावशींची उंची चार फूट दहा इंच. बसल्या की पाय अधांतरी. पाय टेकत नसले की जोर लागत नाही, मांडीच्या मागची शीर दाबली जाऊन पायाला मुंग्या येतात, आणि उठताना आधी पुढे घसरावं लागतं. घसरावं लागतं तिथेच पडायची भीती.

माप घेणं सोपं आहे. माणसाला खुर्चीवर बसवा, तळवे सपाट टेकवा, जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खळीपर्यंत टेप धरा. बैठक त्याच्या आसपास हवी. गुडघे फारच दुखत असतील तर एक-दोन इंच वर, पण टाचा टेकल्याच पाहिजेत. मावशींना जुना १५ इंची परत बसवला आणि दोन्ही बाजूंना मागच्या भिंतीतून येणारे, वर घडी होणारे दांडे लावले. शेजारी भिंत नसली की हाच मार्ग.

आपल्या लोकांना पाणी लागतं. नळीचा फवारा किंवा बिडे बसवणारच असाल तर त्याची जागा आताच ठरवा. फवारा उजव्या हाताला, मागे वळावं न लागता हाती येईल असा. विजेवर चालणाऱ्या बिडे-सीटसाठी कमोडजवळ जीएफसीआय प्लग लागतो, आणि तो भिंत उघडी असतानाच स्वस्तात होतो. सीटमुळे बैठक थोडी उंचावते, तेही मापात धरा. जमिनीवर ठेवलेला मग मात्र वाकायला लावतो, आणि वाकून उठताना चक्कर येते.

बादली, स्टूल आणि अभ्यंगस्नान

इथलं बाथरूम कोरडं राहील या गृहीतावर बांधलेलं असतं. टबाबाहेर जमिनीला उतार नाही, मोरी नाही, खाली लाकडी तुळया. आपण बादली घेऊन बसलो की पाणी टबाबाहेर जातं आणि महिन्याभराने खालच्या खोलीच्या छताला डाग दिसतो. म्हणून आंघोळ बसून, बादलीने होणार असेल तर कंत्राटदाराला तसं स्पष्ट सांगा. शॉवरच्या जमिनीला फुटाला पाव इंच उतार, भिंतीलगत लांबट जाळी, आणि पाणी अडवणारा थर फक्त शॉवरखाली न घालता सगळ्या खोलीभर. उंबरा काढायचा तर शॉवरची जमीन थोडी खाली न्यावी लागते. त्यासाठी कुणालाही तुळया कापू देऊ नका, आधी इंजिनिअरला दाखवा. जमत नसेल तर अगदी बुटका उंबरा ठेवा आणि त्याच्या बाजूला उभा दांडा लावा.

नळ आत जायच्या आधीच हात पोचेल असा, दाराच्या बाजूला घ्या. म्हणजे पाणी कोमट झालेलं पाहून आत जाता येतं. हातातला शॉवर पाच फूट नळीचा, वरखाली सरकणाऱ्या दांडीवर, स्टुलावर बसून हाती येईल इतका खाली येणारा. बादलीसाठी वेगळा खालचा नळ द्या. भरलेली बादली पंधरा-वीस किलोंची होते, ती सरकवायची वेळच येऊ नये. आपल्या माणसांना पाणी कढत लागतं हे खरं, पण म्हातारी कातडी लवकर भाजते. १२० अंश फॅरनहाइटच्या वर, म्हणजे ४९ सेल्सिअसच्या वर पाणी जाऊ न देणारा नळ घ्या. कोडही नव्या शॉवरला तेच मागतो.

आणि दिवाळीचं तेल. नरकचतुर्दशीला पहाटे अंगाला तेल, उटणं, आणि पायाखाली गुळगुळीत टब किंवा चकचकीत फरशी, याहून धोक्याचं काही नाही. फरशी घेताना ओल्या जमिनीवरची पकड विचारा. डीसीओएफ नावाचा आकडा खोक्यावर किंवा माहितीपत्रकात असतो. ओल्या होणाऱ्या सपाट जमिनीला तो निदान ०.४२ असावा. शॉवरमध्ये दोन इंची छोट्या फरश्या बऱ्या, कारण सांधे जास्त आणि पायाला पकड मिळते. लाकडी पाट उताराच्या ओल्या फरशीवर सरकतो. त्या दिवशी पाटाचा मान देवघरासमोर ठेवा आणि आंघोळीला रबरी बुटांचं स्टूल घ्या. घरातल्या सगळ्यांची अभ्यंगस्नानं झाली की जमीन साबणाने घासून टाका, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी घसरतं.

भिंत उघडी आहे तोवर

इथल्या घरांच्या भिंती पोकळ. सोळा-सोळा इंचांवर लाकडी उभे स्टड, वर अर्ध्या इंचाचं ड्रायवॉल. नुसत्या ड्रायवॉलमध्ये स्क्रू मारलेला दांडा माणूस तोलत नाही. तो नेमका धरला की हातात येतो. टॉवेलचा दांडा टॉवेलसाठीच असतो, आणि हवेने चिकटणाऱ्या दांड्यावर जिवाचा भरवसा ठेवू नये. दांड्यामागे स्टडच्या मधे आडवं भक्कम लाकूड लागतं, टू बाय एट किंवा टू बाय टेन. आज दांडा नको असला तरी कमोडभोवती, शॉवरच्या तिन्ही भिंतींत आणि दाराशी ते लाकूड घालून ठेवा. किंमत किरकोळ आहे. नंतर तेच करायचं तर टाइल फोडावी लागते.

ड्रायवॉल लावण्याआधी टेप भिंतीला धरून फोटो काढा, आणि घराच्या कागदांत ठेवा. दहा वर्षांनी लाकूड कुठे आहे हे कुणाला आठवत नाही.

दांड्याची जाडी सव्वा ते दोन इंच, मुठीत मावेल अशी. भिंत आणि दांडा यांत दीड इंच फट, जास्त नको, नाहीतर कोपर आत अडकतं. उंची घरातल्या माणसाच्या मापाने घ्या. मावशींना ३३ इंच सोयीची झाली. आधी त्या म्हणाल्या, "हॉस्पिटल करताय की काय घराचं?" मग नळाच्याच रंगाचे दांडे आणले. आता नातवंडंही तेच धरून बाहेर येतात.

हा विचार काही फक्त म्हाताऱ्यांसाठी नाही. रोनाल्ड मेस नावाचे वास्तुशास्त्रज्ञ होऊन गेले. लहानपणी पोलिओ झालेला, स्वतः व्हीलचेअरवर. त्यांनी यालाच युनिव्हर्सल डिझाइन म्हटलं आणि १९८९ साली नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात त्यासाठी केंद्र उभं केलं. त्यांचं म्हणणं असं की वेगळी, अपंगांची म्हणून जागा करू नका, सगळ्यांना चालेल अशी एकच करा. रुंद दारातून वॉकर जातो, तशी कपड्यांची टोपलीही जाते आणि बाळाला कडेवर घेतलेली आईही.

तिकडच्या घरांसाठी

पुण्या-ठाण्यात आई-वडील राहतात, त्यांच्यासाठीही विचारणा होते. तिकडे एक सोय आहे, भिंत बहुधा विटांची. पक्क्या विटेत चांगल्या अँकरने दांडा नंतरही बसतो, फक्त मिस्त्रीला आतले पाइप कुठे आहेत ते आधी विचारू द्या. अडचणी दोन : अरुंद दार, आणि पाणी अडवायला घातलेली दगडी पट्टी. पट्टी काढता येत नसेल तर तिच्या शेजारी, आतून आणि बाहेरून, एकेक उभा दांडा लावा. पुढच्या भेटीत दहा डबे चॉकलेटं नेण्यापेक्षा दोन दिवस हे काम उभं राहून करून घ्या.

खर्च

आई-वडील तुमच्यावर अवलंबून असतील आणि बदल वैद्यकीय गरजेपोटी केले असतील, तर दांडे, बाथरूममधले फेरफार, दार रुंद करणं हे इन्कम टॅक्सच्या ५०२ क्रमांकाच्या पुस्तिकेत वैद्यकीय खर्चात धरलेलं आहे. वजावट आयटेमाइज करणाऱ्यांनाच, आणि समायोजित उत्पन्नाच्या साडेसात टक्क्यांवरच्या रकमेलाच मिळते. पावत्या जपा आणि आपल्या अकाउंटंटला विचारा. नळाच्या जागा हलवणार असाल तर गावाचं परमिट लागतं का तेही आधी पाहा. कंत्राटदार शोधताना सीएपीएस असं प्रमाणपत्र असलेला मिळाला तर बरं. घरबांधणी व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेने वयस्कांच्या घरांसाठीच तो अभ्यासक्रम काढला आहे.

दिवाळीला घर भरलेलं असतं. फराळ झाला की टेप काढा आणि चार आकडे लिहून ठेवा : दार उघडल्यावरची मोकळी वाट, कमोडच्या मध्यापासून दोन्ही बाजू, कमोडपुढची जागा, आणि घरातल्या सर्वांत वयस्क माणसाच्या गुडघ्याची खळी. शेवटचं माप घेताना त्यांना हेही विचारा, की आत गेल्यावर हात कशाला धरता. खरं उत्तर लगेच मिळणार नाही. मुलं खाली गेल्यावर मिळेल.